होडीचं इंजिन गाडीत

आमच्या घरात भात घड्याळ बघून कधीच टाकला गेला नाही. आय तांदूळ धुऊन चुलीपुढे बसायची आणि कान खाडीकडे लावायची. बाबांची होडी कोलशेतच्या वळणाला आली की तिच्या इंजिनाचा आवाज पाण्यावरून आमच्या बाळकुमच्या घरापर्यंत यायचा, आणि आय तांदूळ वैरायची. होडी बंदराला लागून, जाळी उतरवून, पाय धुऊन बाबा दारात येईपर्यंत भात बरोबर उतरवण्याजोगा झालेला असायचा. बंदरात तेव्हा डझनभर होड्या होत्या आणि मला त्या सगळ्या सारख्याच ऐकू यायच्या. आयला विचारलं की म्हणायची, कान आहेत की शिंपल्या आहेत तुझ्या डोक्याला. मग तिने मला एकदा शिकवलं. बाबांच्या इंजिनाचा दर पाच-सहा ठोक्यांनी एक ठोका चुकायचा. चालता चालता माणूस जरा थबकतो आणि पुन्हा चालू लागतो, तेवढंच. ते एकदा कानात बसलं की मग विसरता येत नाही. मला अजून आलेलं नाही.

ते इंजिन मुळात एका जुन्या जीपचं होतं. बाबांनी ते होडीत बसवून घेतलं होतं, आणि होडीच्या तळातून एक नळी खाडीत सोडली होती. इंजिन चालू झालं की नळीतून खाडीचं पाणी वर यायचं, इंजिनाच्या अंगातून फिरून त्याला थंड करायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाडीत पडायचं. हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून सांगते आहे, नाहीतर इंजिनं हा काही माझा विषय नव्हे. मी पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. होडीचं नाव तारा होतं, म्हणजे आयचंच. पण त्या तारात या तारेने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मासे धरायच्या होडीत बाईने बसायचं नाही ही आमच्याकडची रीत. नारळी पुनवेला होडीला ओवाळायचं आयने, हळदीकुंकू लावायचं आयने, आणि मग काठावर उभं राहून बघत बसायचं, तेही आयनेच. मी कॉलेजात जायला लागल्यावर या रीतीवर तिच्याशी बरंच भांडले. ती म्हणायची, मला कशाला हवंय बसायला, मला इथून सगळं ऐकू येतं.

मग खाडी बिघडली. वरच्या कारखान्यांचं पाणी तिच्यात उतरायला लागलं आणि जिताड्यासारखा मासा, जो बाबांच्या जाळ्यात न चुकता यायचा, तो आधी लहान झाला, मग विरळ झाला आणि मग यायचाच बंद झाला. तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तेवढ्या राहिल्या. चिंबोरी कशातही जगते. एकेक करून बंदरातल्या होड्या गेल्या. ताराही गेली. घेणाऱ्याला होडी हवी होती, इंजिन नको होतं, त्याच्याकडे नवं होतं. म्हणून इंजिन आमच्या अंगणात ताडपत्रीखाली येऊन पडलं आणि बाबा त्याच्या शेजारी बाकड्यावर. होडीच्या मालकाला आमच्यात नाखवा म्हणतात. होडी गेल्यावर बाबांना त्या नावाने हाक मारणं लोकांनी हळूहळू सोडून दिलं. कोणी मुद्दाम केलं असं नाही, पण बाबांनी ते मोजलं असणार. ते मुळातच कमी बोलायचे, आता बोलेनासे झाले. आय सकाळी अंगण झाडताना ताडपत्रीभोवतीने झाडू फिरवायची आणि रोज एकच वाक्य म्हणायची, "भंगारान घाला एकदाचा." बाबा रोज एकच उत्तर द्यायचे, "ऱ्हाऊं दे." त्या महिन्यांत त्यांचा संसार या दोन वाक्यांवर चालला होता म्हटलं तरी चालेल.

घर चालत होतं आयच्या पाटीवर. ठाण्याच्या बाजारातून मासे घ्यायची आणि डोंबिवलीत दारोदार विकायची. बावीस वर्षांची गिऱ्हाइकं होती तिची. कोणाकडे कोणत्या वारी काय चालतं, कोणाच्या सुनेला काटे काढता येत नाहीत, कोणाच्या म्हाताऱ्याला माशाचं डोकंच लागतं, हे तिला पाठ होतं. पण तिचा उजवा गुडघा गेला. डोक्यावर पाटी घेऊन जिना उतरायची ती एका कठड्याला धरून, पावलागणिक थांबत. ती गिऱ्हाइकं सुटली असती तर आय मोडली असती, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं. तेव्हा टेंभी नाक्याजवळचे एक म्हातारे डॉक्टर, ज्यांच्या घरी आय वर्षानुवर्षं मासे पोचवायची, त्यांनी आपली जुनी गाडी बाबांना देऊन टाकली. गोल पोटाची, पांढरी, मागच्या सीटवर चार माणसं आणि एक वाद घेऊन जाऊ शकणारी ती गाडी तुम्ही पाहिली असेल. दिसायला भारदस्त, पण इंजिन अगदी थकलेलं. आय, तीन पाट्या आणि बर्फ एवढं घेऊन ती कशेळीच्या पुलाचा चढ चढेना. आयने खाली उतरायचं, मी ढकलायचं, आणि वर पोचल्यावर आयने पुन्हा बसायचं, असं आम्ही दोनदा केलं. तिसऱ्यांदा बाबा पुलाखाली गाडी थांबवून बराच वेळ बॉनेटकडे बघत बसले. मग गाडी वळवून घरी आणली, आणि अंगणात येऊन पहिल्यांदा ताडपत्री काढली.

विठ्ठलवाडीला सावंत मिस्त्री म्हणून एक होते. मूळचे कोकणातले, बुटके, कानात कापसाचा बोळा आणि खिशात तपकिरीची डबी. त्यांच्या शेडमध्ये गाडी आणि इंजिन दोन्ही जाऊन पडली आणि बाबा रोज सकाळी तिकडे जाऊ लागले. रविवारी त्यांचा डबा घेऊन मी जायची. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा, आणि आयच्या मनात असेल तर चिंबोरीचं कालवण. ते कालवण मिस्त्रींसाठी म्हणून द्यायची, पण डब्यात दोघांना पुरेल एवढं असायचं. सावंतांनी पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं होतं, काय करता. बाबा म्हणाले, होडी होती. तेव्हापासून सावंत त्यांना नाखवा म्हणायला लागले. "नाखवा, पाना द्या," "नाखवा, जरा धरा." बाबांचा चेहरा त्या शेडमध्ये महिन्याभरात बदलला तो इंजिनामुळे की या एका शब्दामुळे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम सोपं नव्हतं. होडीचं इंजिन गाडीच्या इंजिनाहून लांब, उंच आणि जवळजवळ दुप्पट जड. त्याचं आणि गाडीच्या गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, तेव्हा सावंतांनी मधे बसवायला जाड लोखंडी चकती कापून घेतली. गाडी नाकावर बसायला लागली म्हणून पुढचं सस्पेन्शन जाड केलं. बॉनेट लागेना म्हणून ते कापून वर पत्र्याचं टेंगूळ बसवलं. सरकारी कागदांचं काय ते सावंतांनीच निस्तरलं. इंजिन धुतलं तेव्हा त्याच्या आतल्या पाण्याच्या वाटांमधून मिठाच्या खपल्या निघाल्या, पांढऱ्या, पापडासारख्या. बाबांनी एक उचलून जिभेला लावली. सावंत बघतच राहिले. बाबा म्हणाले, आपल्याच खाडीचं आहे, आणि ती खपली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

त्याच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सावंतांनी इंजिन बाकड्यावर चालू करून पाहिलं आणि कान देऊन म्हणाले, एक ठोका चुकतोय, खोलून दुरुस्त करतो. बाबा एरवी मिस्त्रींच्या कामात बोलत नसत. त्यांनी पुढे होऊन इंजिनावर हात ठेवला.

"त्याला हात लावू नको, मिस्त्री. घरान त्याच्यावरनंच कलतं."

सावंतांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे बघायला लागले. मला वाटायचं की आय ते ऐकून भात टाकते हे फक्त आम्हां बायकांना माहीत आहे. खाडीत असलेल्या माणसाला आपली चूल कशी चालते हे ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्याने तो ठोका तसाच चुकू दिला होता, हे मला त्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात कळलं. मी तेव्हा अठराची होते आणि माझं मत असं होतं की आमच्या घरात प्रेमबीम काही नाही, नुसती मासळी आहे.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. सावंत म्हणाले, इंजिन मोठं घेतलंत तर रेडिएटरही मोठा घ्या, या जुन्यात पाणी मावतं किती. बाबा हसले. त्या आख्ख्या काळात ते एवढंच हसले असतील.

"जल्मान कदी तापला नाय ह्यो."

"नाखवा," सावंत म्हणाले, "होडीला खाली खाडी होती. गाडीला खाली डांबर आहे."

बाबांनी ऐकलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाच्या इंजिनाने आयुष्यभर आख्खी खाडी पिऊन टाकली, त्याला पाणी बरोबर न्यावं लागतं हे कसं पटावं? दुसऱ्या कोणा ड्रायव्हरने ही चूक केली नसती. पण दुसऱ्या कोणा ड्रायव्हरने मीठही चाखलं नसतं.

गाडी तयार झाली ती गौरींच्या आदल्या दिवशी. डोंबिवलीला प्रधान काकू म्हणून आयचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होतं. त्यांच्याकडे तिखटाच्या गौरी. गौरीला चिंबोऱ्यांचा नैवेद्य लागतो, गणपती शेजारीच बसलेला असतो म्हणून दोघांच्या मधे पडदा लावायचा आणि मग पान पुढे करायचं. त्या चिंबोऱ्या बावीस वर्षं आय न्यायची, जिवंत, मांसाने भरलेल्या, दुपारच्या आत. दुसऱ्या कोणाकडून काकू घेत नसत आणि दुसऱ्या कोणाला आय जाऊ देत नसे. त्या वर्षी गुडघ्यामुळे आयने महिन्याभरात डोंबिवलीची एकही फेरी केली नव्हती, पण गौरीचा शब्द तिने दिला होता. बाबांनी पहाटेच्या ओहोटीला तिवरांत शिरून स्वतः चिंबोऱ्या काढल्या. नांग्या सुतळीने बांधून, ओल्या गोणपाटाखाली त्या पाटीत ठेवल्या. आयने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, वेणी माळली आणि गाडीजवळ येऊन उभी राहिली. बाबांनी पुढचं दार उघडून धरलं. ती जराशी अडखळली. मग बसली. मी पाटी घेऊन मागे.

कशेळीचा पूल गाडीने असा चढला की आयने डोळेच मिटून घेतले. पलीकडे उतरल्यावरही तिने ते उघडले नाहीत. मला वाटलं घाबरली. मग ती हळूच म्हणाली, "आतनं येगलाच लागतो आवाज." बाबांचे कान लाल झाले होते, एवढं मला मागून दिसलं. भिवंडीपर्यंत ती तशीच बसून होती, डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठोके धरत, आणि एक ठोका चुकला की बोट हवेत थांबवत.

कोन गावाच्या पुढे, दुर्गाडीचा पूल दिसायला लागला तेव्हा टेंगळाच्या फटीतून वाफ यायला लागली. आधी बारीक, मग एकदम ढग. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. रेडिएटर रिकामा होऊन खदखदत होता. एक ट्रकवाला जाता जाता ओरडून गेला की चहा टाकलाय का. बाबांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी मागून बर्फाची बादली काढली आणि खाडीकडे बोट दाखवलं. "ही हितं खाली खाडी हाय. दोन बादल्या मारतो, झाला."

आय गाडीतून उतरली होती. गुडघा सावरत ती त्यांच्या आणि इंजिनाच्या मधे जाऊन उभी राहिली.

"थांबा. तापल्या तवलीन कोन थंड पानी वततं? तडकल ना ती."

मातीची तवली आमच्याकडे कालवणाला असते आणि ती कशी तडकते हे पोरीबाळींनाही माहीत असतं. बाबांनाही होतं. बादली त्यांच्या हातात तशीच राहिली. पुढे सावंत म्हणाले की त्या क्षणी गार पाणी पडलं असतं तर इंजिन चिरलंच असतं, मग ते भंगारात घालण्यावाचून काही उरलं नसतं. पण बाबांना ते तेव्हाच कळलं होतं. ते मैलाच्या दगडावर खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिले. अंगणातल्या बाकड्यावर बसायचे तसे.

दहा वाजून गेले होते. इंजिन निवायला तास-दीड तास तरी लागणार, आणि चिंबोऱ्या शिजायला पुन्हा वेळ. आयने उन्हाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग पाटीशेजारची चुंबळ उचलून माझ्या डोक्यावर ठेवली.

एक सांगायचं राहिलं. आयने मला पाटी कधीही उचलू दिली नव्हती, आणि मीही ती कधी उचलायची नाही असं ठरवलं होतं. माझी कारणं तिच्याइतकी चांगली नव्हती. माझ्या वर्गातल्या दोन मुली डोंबिवलीच्या होत्या आणि वडील काय करतात या प्रश्नाला मी वाहतुकीचा धंदा असं उत्तर दिलं होतं. आई गृहिणी. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

"नंदे, तू जा," आय म्हणाली. "पर्धानबायला सांग, तारा मागनं येते."

मी म्हटलं, तूही चल, टेम्पो थांबवते, दारापर्यंत सोडेल. ते खरंच शक्य होतं. बावीस वर्षांचा तिचा शब्द होता आणि तो तिच्या हाताने पोचला असता. तिने मान हलवली आणि बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"होडीन बसाला येत नवता. हितं तरी थांबते मी."

भाजीच्या एका टेम्पोने मला कल्याणपर्यंत नेलं. तिथून बस, आणि डोंबिवलीत उतरल्यावर पंधरा मिनिटं पायी. पाटी जड होती आणि गोणपाटातलं पाणी कानामागून पाठीत उतरत होतं. बाजाराच्या तोंडाशी त्या दोघींपैकी एक खरंच समोरून आली. हे असं गोष्टीत असतं तर मी खोटं म्हटलं असतं. तिने पाटीकडे पाहिलं, मग मला विचारलं, काय आहे. मी म्हटलं, चिंबोऱ्या, आईच्या गिऱ्हाइकाच्या आहेत. ती म्हणाली, आमच्याकडे चालत नाहीत गं, आणि पुढे गेली. एवढंच. ज्याला मी तीन वर्षं भ्याले ते अर्ध्या मिनिटात होऊन गेलं.

प्रधान काकूंनी दार उघडलं तेव्हा साडेबारा झाले होते. त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं. "अगं, नंदा तू? तारा कुठंय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. चिंबोऱ्या मी साफ केल्या, वाटण त्यांनी वाटलं. खोबरं आणि लसूण भाजल्याचा वास घरभर झाला. दीड वाजेपर्यंत कालवण तयार होतं, वडे तयार होते, भात झाला होता. गौरी पिवळ्या शालूत नथ घालून बसल्या होत्या. पडदा मात्र काकू लावेनात. त्यांच्या सुनेने दोनदा आठवण केली. काकू म्हणाल्या, "दर वर्षी तारा पहिलं कुंकू लावते, मग पान वाढते मी. गौरीला सांगितलंय मी, तुझी कोळीण वाटेत आहे. थांबेल ती." एका तबकात आयची ओटी मांडलेली होती, खण, नारळ, तांदूळ. ती दर वर्षी तशी मांडली जायची हे मला माहीतच नव्हतं. आयने घरी कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी कधी ऐकलं नव्हतं.

अडीच वाजले. मी पडवीत येऊन बसले. मनात नाही नाही ते येत होतं. इंजिन चिरलं असेल. बाबांनी गाडी तिथेच सोडली असेल. पुन्हा ताडपत्री, पुन्हा बाकडं, आणि या वेळी आय भंगाराचं नावही काढणार नाही, ते जास्त वाईट. मी आयुष्यात काही फार मागितलेलं नाही, पण त्या पडवीत मी गौरीकडे पडद्याशिवाय मागितलं.

माझा भाचा परवा मला त्याच्या नव्या बॅटरीच्या गाडीतून बाळकुमला घेऊन गेला होता. आमचं घर होतं तिथे आता उंच इमारत आहे, आणि तिच्या जाहिरातीत खाडी दिसते असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वास येतो ते लिहिलेलं नाही. गाडी चांगली आहे, आवाज शून्य. मी त्याला म्हटलं, अरे, तू आलास हे घरी कळतं कसं? तो म्हणाला, मावशी, फोन करतो ना.

आवाज आला तेव्हा गल्ली रिकामी होती. आधी मला तो बाजाराच्या गलक्यात ऐकू आल्यासारखा वाटला आणि मग हरवला. मी उठून उभी राहिले. पुन्हा आला. ठोके, ठोके, ठोके, आणि मधेच तो थबकला. माझ्या डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही. मी आत धावले आणि म्हटलं, काकू, दोन पानं जास्त वाढा, आमचे आले.

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "कुठे गं? कोणीच नाही."

"येतायत," मी म्हटलं.

काकूंनी भाताचं पातेलं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, भात कमी पडेल. मी टाकते म्हटलं आणि तांदूळ धुऊन वैरले, आय करायची तसे, कान दाराकडे लावून. पण होडी वळणावरून घरी यायला जो वेळ लागायचा तो गाडीला लागत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी झाकण ठेवते आहे तोच दोघं दारात होती. बाबांचे हात काळे झाले होते, आयचं हिरवं लुगडं मांडीवर चिंब भिजलेलं. वाटेतल्या विहिरीचं पाणी डब्यात भरून ती कोनपासून मांडीवर घेऊन बसली होती आणि दर दोन मैलांवर उतरून थोडं थोडं पाजत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि बाबांना म्हणाली, जरा टेका, भात होतोय.